मदत हवी आहे: गावातल्या रस्त्यावर स्पीड ब्रेकर बसवायला वर्गणी काढतोय, वाटणी कशी करायची?

खाडीकाठ:
पटकन उत्तर हवं आहे, रविवारी बैठक आहे. आमचं गावठाण, कोळीवाड्याचं मंडळ आणि शेजारच्या ४ सोसायट्या मिळून रस्त्यावर ५ स्पीड ब्रेकर, झेब्रा आणि वळणावर आरसे लावायचं ठरवत आहोत. शनिवार-रविवारी किनाऱ्यावर जाणाऱ्या बाइक शाळेसमोरून सुसाट जातात, म्हातारी माणसं रस्ता ओलांडायला घाबरतात. पैसे द्यायला सगळे तयार आहेत. वर्गणी घरटी सारखी घ्यावी की सोसायट्यांनी जास्त द्यावी? पैसे कोणाच्या खात्यात ठेवावेत? ब्रेकर रबरी घेणार आहोत, ऑनलाइन मिळतात. कृपया कायद्याचं प्रवचन नको.

रस्तामाप:
रस्ता कोणाचा आहे? पालिकेचा, जिल्हाधिकाऱ्यांच्या जमिनीवरचा की गावठाणातली खाजगी वाट? रुंदी किती? डांबरी की काँक्रीट? बेस्टची बस जाते का? गाव कोणतं तेही लिहिलेलं नाही. एवढं कळल्याशिवाय वाटणीवर बोलून उपयोग नाही.

खाडीकाठ:
मढ-मार्वे पट्टा, मालाड पश्चिम. रस्ता अर्थातच सार्वजनिक आहे, बस जाते. रुंदी ६ मीटर असेल. डांबरी. आता वाटणीचं सांगा.

रस्तामाप:
सार्वजनिक रस्ता आणि त्यावर बस, म्हणजे स्वतः ब्रेकर बसवता येणार नाही. हे प्रवचन नाही, तुमच्या पैशांचा प्रश्न आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ चं कलम ३१२ रस्त्यावर अडथळा होईल असं काहीही उभारायला मनाई करतं आणि कलम ३१४ खाली ते नोटीस न देता काढता येतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ मध्ये सार्वजनिक वाटेवर अडथळा केल्यास ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. तो दंड किरकोळ वाटेल, पण तुमच्या ब्रेकरवर बाइकवाला घसरून गेला तर पावतीवर नाव असलेला माणूस अडकतो. शिवाय त्या भागात आयएनएस हमला हा नौदलाचा तळ आहे, संरक्षण खात्याच्या जमिनी आहेत. तुमचा नेमका तुकडा कोणाच्या ताब्यात आहे हे वॉर्ड ऑफिसच्या परिरक्षण विभागातून लेखी घ्या.

निधीवाला:
वर्गणी काढताच कशाला? आमदार स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी आहे, खासदारांचाही ५ कोटी. आमदारांचं शिफारसपत्र घ्या, ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, पालिका अंदाजपत्रक करते, प्रशासकीय मान्यता झाली की काम. तुमच्या खिशातून एक रुपया जात नाही.

रस्तामाप:
@निधीवाला, रस्त्याच्या मालकाची ना हरकत आणि वाहतूक पोलिसांची शिफारस तिथेही लागतेच, त्यामुळे पहिली पायरी तीच राहते. शिवाय ५ ब्रेकरसारखं छोटं काम निधीच्या यादीत मागे पडतं. फूटपाथ किंवा उंचावलेलं क्रॉसिंग मागायचं असेल तर निधी जरूर मागा.

निधीवाला:
मागे पडतं ते पाठपुरावा न केल्यामुळे. अंदाजपत्रक कोणत्या टेबलावर आहे हे दर आठवड्याला विचारणारा एक माणूस नेमा. वर्गणीतून सरकारी काम करण्याची सवय लागली तर पुढच्या वेळी पालिका तुमच्याकडेच हात पसरेल.

हिशेबनीस:
मूळ प्रश्नाचं उत्तर देतो. सोसायट्यांच्या सिंकिंग फंडाला हात लावू नका. तो इमारतीच्या पुनर्बांधणीसाठी आणि मोठ्या दुरुस्तीसाठी असतो, आवाराबाहेरच्या रस्त्यासाठी नाही. एका सभासदाने उपनिबंधकांकडे तक्रार केली तरी कमिटीला उत्तर द्यावं लागेल. सर्वसाधारण सभेत ठराव करून सभासदांकडून ऐच्छिक वर्गणी घ्या आणि देखभाल बिलात मिसळू नका. मंडळाची नोंदणी असेल तर त्याच्या बँक खात्यात फक्त या कामाचे पैसे वेगळे दाखवा. दोन सह्या असू द्या, एक गावठाणाची आणि एक सोसायट्यांची. नोंदणी नसेल तर धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली अर्ज करावा लागतो. गणपती मंडळं जी परवानगी काढतात तीच ही.

वाटणी घरटी सारखी नको. गावठाणातलं एक घर म्हणजे अनेकदा तीन चुली, सोसायटीतला एक फ्लॅट म्हणजे एक. निम्मा खर्च घरटी आणि निम्मा गाड्यांच्या संख्येवर टाका, भांडणं कमी होतात. आणि परवानगी नाही मिळाली तर पैसे कधी व कसे परत करायचे ते ठरावातच लिहा. हे वाक्य नसलेल्या वर्गण्या पुढे फार कडू होतात.

सुमेधा_मालाड:
ब्रेकरपेक्षा रंबल स्ट्रिप लावा. थर्मोप्लास्टिकच्या (वितळवून पसरायच्या रंगाच्या) जाड पट्ट्यांची रांग, चालकाला खडखड जाणवते, कंबर मोडत नाही, रुग्णवाहिका अडत नाही.

रस्तामाप:
घरं रस्त्याला लागून असतील तर नको. रात्रभर दर गाडीला खडखडाट होतो आणि सवय झालेला बाइकवाला त्यावरून तसाच जातो. रंबल स्ट्रिप वस्ती सुरू होण्याआधी, मोकळ्या तुकड्यात इशारा म्हणून ठीक. शाळेसमोर वेग प्रत्यक्ष कमी करणारी वस्तूच हवी.

नाना_वसईकर:
दुकानासमोर गाड्या लावणाऱ्यांसाठी नो पार्किंगचा बोर्ड हवा असेल तर वाहतूक चौकीला अर्ज द्या, सोबत फोटो आणि दुकानाचा परवाना जोडा.

खाडीकाठ:
पार्किंगचा प्रश्नच नाही. रबरी ब्रेकर चालतील की नाही हे कोणी सांगेल का? पार्किंगमध्ये सगळीकडे तेच असतात.

डांबरगोळी:
पार्किंगमध्ये गाडी १० च्या वेगाने येते, म्हणून तिथे चालतात. ते तुकडे साधारण ३५० मिमी रुंद आणि ५० ते ७५ मिमी उंच असतात. एवढ्या अरुंद उंचवट्यावर सावकाश गेलं तर धक्का बसतो आणि जोरात गेलं तर टायर आणि शॉकअप धक्का गिळतात, म्हणजे शिक्षा सभ्य माणसाला. बसच्या मागच्या सीटवरच्या प्रवाशाचा मणका मात्र दुखावतो. डांबरात ठोकलेले बोल्ट बसच्या वजनाने ढिले होतात, पावसाळ्यात भोकात पाणी शिरतं, डांबर सुटतं, एक तुकडा निघून जातो आणि बोल्ट वर उभा राहतो. रात्री बाइकच्या टायरसाठी तो खिळाच.

आयआरसी ९९ (इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका, १९८८) मधला गोलाकार हंप, म्हणजे रुंद ब्रेकर, असा असतो: गाडी जाते त्या दिशेने ३.७ मीटर रुंद, मध्ये १० सेमी उंच, वक्राची त्रिज्या १७ मीटर. त्यावरून ताशी २५ किमीच्या आसपास आरामात जाता येतं. तुमच्या ६ मीटर रस्त्याला एका हंपला साधारण दीड घनमीटर म्हणजे साडेतीन टन डांबरमिश्रण लागेल. खालचा पृष्ठभाग खरवडून टॅक कोट (चिकटण्यासाठी पातळ डांबराचा थर) मारला नाही तर कडा आधी सुटतात. कामगार घाईत असला की हंप ३.७ ऐवजी दीड मीटरचा होतो आणि उंची तीच राहते, तेव्हा जागेवर टेप घेऊन उभं राहा. लागोपाठ हंप हवे असतील तर त्यांच्यात १०० ते १२० मीटर अंतर ठेवतात. ४० मीटर आधी इशाऱ्याचा फलक आणि हंपवर काळे-पांढरे पट्टे हवेतच. न दिसणारा हंप बिनहंपच्या रस्त्यापेक्षा घातक.

कडेला पाणी वाहायला जागा सोडा. नाहीतर मढसारख्या सखल भागात पहिल्याच पावसात हंपमागे तळं साचेल.

सुमेधा_मालाड:
ती फट सोडली की सगळ्या बाइक तिथूनच काढतात, म्हणजे कडेने चालणाऱ्याच्या अंगावर.

डांबरगोळी:
बरोबर. म्हणून फट एक फुटाच्या आतच आणि तिथे लवचिक खांब. लोखंडी नको, आपटणारा माणूस वाचला पाहिजे.

पश्चिम_उपनगर:
हंप कसले करता, आधी खड्डे बुजवा. या पट्ट्यावर खड्डेच स्पीड ब्रेकरचं काम करतात. आणि शनिवारी बंगल्यांवर येणाऱ्यांचा डीजे कोण थांबवणार?

रस्तामाप:
डीजेसाठी वेगळा धागा काढा. खड्डे बुजले की वेग वाढतो, म्हणून डांबरीकरणाची निविदा असेल तर हंप त्याच कामात घालून घ्या. पालिकेला तेव्हा वेगळं यंत्र आणावं लागत नाही.

@खाडीकाठ, रविवारच्या बैठकीआधी हे करा. शाळेजवळ टेपने ५० मीटर मोजा, दोन टोकांना खडूने रेघा मारा, एकाने हात दाखवायचा, दुसऱ्याने मोबाइलवर वेळ घ्यायची. ३.६ सेकंद म्हणजे ताशी ५० किमी, ६ सेकंद म्हणजे ३०. शनिवारी संध्याकाळी १०० वाहनं मोजा आणि वेगानुसार उतरत्या क्रमाने लावा. वरून पंधराव्या वाहनाचा वेग पत्रात लिहा, म्हणजे बाकी ८५ वाहनं त्याच्या आत आहेत हे दिसतं. "गाड्या सुसाट जातात" या वाक्यावर कोणी जागा पाहायला येत नाही, आकड्यावर येतात. पत्र वॉर्ड ऑफिस आणि स्थानिक वाहतूक विभाग दोघांना द्या, प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला. जागांचा नकाशा, शाळेचं पत्र, बसथांबे आणि उतार कुठे ते जोडा. बेस्टलाही कळवा, नंतरचा आक्षेप आधीच निपटतो.

खाडीकाठ:
मोजणी करता येईल. पण मग जमवलेल्या पैशांचं करायचं काय? लोकांना सांगितलंय काम सुरू होतंय म्हणून.

हिशेबनीस:
जे पालिकेच्या ताब्यात नाही त्यावर खर्च करा. आंधळ्या वळणावरचा बहिर्गोल आरसा सोसायटीच्या किंवा घरमालकाच्या भिंतीवर, त्याच्या लेखी संमतीने लागतो, पण भिंतीपासून रस्त्यावर पुढे येऊ देऊ नका. गेटसमोरचा दिवा आवाराच्या आत. नकाशा काढायला एखाद्या सिव्हिल इंजिनिअरची फी. फलक झाकणाऱ्या फांद्या मात्र परस्पर तोडू नका, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

डांबरगोळी:
आणि निम्मी रक्कम रंगासाठी राखून ठेवा. हंप मंजूर होतो, पुन्हा रंगवणं विसरलं जातं. ३ मीटर लांब झेब्र्याला तुमच्या रस्त्यावर अर्ध्या मीटरचे ६ पट्टे येतात, म्हणजे ९ चौरस मीटर. थर्मोप्लास्टिक अडीच मिमी जाडीला चौरस मीटरला ५ किलो लागतं, म्हणजे ४५ किलो, २५ किलोच्या दोन गोण्यांत काम होतं. थर गरम असतानाच वर काचमणी पसरायचे, चौरस मीटरला २५० ग्रॅम. रात्री हेडलाइटमध्ये पट्टा चमकतो तो त्यांच्यामुळेच. डांबर ओलं असेल तर थर पापडासारखा सुटतो, म्हणून पाऊस पूर्ण थांबल्यावरच रंगवा. हेही पालिकेची लेखी संमती घेऊन आणि त्यांच्या माणसासमोर.

खाडीकाठ:
ठीक आहे. रबरी ब्रेकरची ऑर्डर थांबवतो. शनिवारी मोजणी करून आकडे इथे टाकतो, तोवर कोणी पत्राचा मसुदा देऊ शकेल का?

रस्तामाप:
देतो. पण आधी रस्त्याच्या मालकीचं लेखी उत्तर मागा. वॉर्डात अर्ज देताना आवक क्रमांक आणि शिक्का असलेली प्रत परत घ्या. पुढच्या प्रत्येक पत्रात तोच क्रमांक लिहायचा आहे.