राजीनामा : कोण कोणाशी राजी?

(चर्चेतल्या प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

फाट्यावरचा

गेल्या आठवड्यात आमच्या जिल्ह्यातल्या एका मोठ्या साहेबांचा राजीनामा झाला. नाव-खातं लिहीत नाही. शब्दाच्या चर्चेला त्याची गरज नाही, आणि मला याच गावात राहायचं आहे. साहेब वादातलेच. रात्री-बेरात्री स्वतः रेतीघाटावर जाऊन टिप्पर धरायचे, म्हणून अर्धा तालुका खूश. भेटायला गेलेल्या म्हाताऱ्या माणसालाही दारातूनच ओरडून घालवायचे, म्हणून उरलेला अर्धा तालुका नाखूश. खरं तर बरेच जण दोन्ही अर्ध्यांत होते. मीही.

मोबाईलवर बातमी आली तेव्हा मी पानठेल्यावर उभा होतो. पंधरा मिनिटांत एकाच घटनेला चार क्रियापदं लागली. टिप्परवाल्याचा पोरगा म्हणाला, "हाकलला." सोसायटीचे सचिव म्हणाले, "घेतला त्याइचा राजीनामा. वरून फोन आला असन." पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, फवारणीहून परतलेला एक कास्तकार म्हणाला, "कटवला बाप्पा. कामाचा मानूस टिकूच नाई देत." आणि ठेलेवाला पानाला चुना लावता लावता, "सुटला बिचारा." दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'दिला' होतं. ठेल्यावर 'देल्ला' असं एकानंही म्हटलं नव्हतं.

घरी आबाजींना सांगितलं. नव्वदीच्या घरात आहेत, ऐकायला कमी येतं. म्हणाले, "राजीनामा झाला? बरं झालं. कोनासंगं?"

मला वाटलं ऐकण्यात गफलत झाली. पण नाही, ते त्याच अर्थानं विचारत होते. आमचं गाव मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून आहे, छिंदवाड्याची बस फाट्यावर थांबते. त्यामुळे हा हिंदीचा वारा आहे की मराठीतच असा अर्थ होता? आणि चार क्रियापदांपैकी या शब्दाला शोभणारं कोणतं?

जुने कागद

आबाजी बरोबर आहेत. राजी म्हणजे कबूल, संतुष्ट. हा अरबी शब्द. नामा म्हणजे लेख, हा फारसी. राजीनामा म्हणजे 'आम्ही राजी आहोत' असं लिहून दिलेला कागद. हिंदी-उर्दूत तो आजही तडजोडीचाच कागद आहे. दोन भाऊबंद धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडले, कोर्टात गेले आणि मग आपसात मिटवलं, की 'राजीनामा हो गया'. नोकरी सोडण्याला तिकडे इस्तीफा म्हणतात. त्याचं मूळ 'माफ'च्या घराण्यातलं आहे : मला यातून मोकळं करा, अशी विनंती. म्हणजे छिंदवाड्याचा साहेब माफी मागून जातो आणि आपला राजी होऊन जातो. फाट्यावरची बस दोन्हीकडून भरून येत असेल, तर आबाजींच्या कानात दोन्ही अर्थ असणारच.

मराठीत हा अर्थ वळला कसा, याचा एक दुवा जमिनीच्या कागदांत सापडतो. मुंबई इलाख्याच्या रयतवारीत, म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा भरायचा त्या पद्धतीत, जमीन सोडणारा खातेदार सरकारला राजीनामा लिहून द्यायचा आणि ती घेणारा कबुलायत. 'राजीनामा-कबुलायत' अशी जोडीच होती. १८५३ नंतर वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं आणि तिथंही मुंबईच्या धर्तीवर मोजणी होऊन रयतवारी बसली. नागपूर, भंडारा, चांदा या बाजूला मालगुजारी राहिली, म्हणजे सारा मधल्या मालगुजारामार्फत. जमिनीवरचा हक्क राजीखुशीनं सोडण्याचा कागद तो राजीनामा. पुढं जमिनीच्या जागी खुर्ची आली, एवढाच फरक. जुनी खरेदीखतं काढून पाहा : 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देतो'. साहेबांच्या कागदात या दोहोंपैकी काय होतं, ते तुम्ही शोधा.

झाडीपट्टीची मास्तरीण

'राजी'ला एकटं पाहू नका, त्याचं गोत मोठं आहे. रजा, मर्जी, नाराज हे सगळे त्याच एका धातूचे. रजा म्हणजे मुळात संमती. वरच्यानं संमती दिली की सुटी मिळते, म्हणून आपल्याकडे रजा म्हणजे सुटीच झाली. आता सरकारी कचेरीचं चित्र डोळ्यांपुढे आणा. साहेबांची मर्जी, साहेबांची रजा, साहेब राजी, साहेब नाराज आणि शेवटी साहेबांचा राजीनामा. अख्खी नोकरी एका धातूत आटोपली!

म्हणून 'सक्तीच्या रजेवर पाठवलं' हे वाचलं की मला हसू येतं. सक्तीची संमती! 'राजीनामा घेतला' हे त्याचंच भावंड. पेपरवाले अधूनमधून 'नाराजीनामा' असा कोटीचा मथळा देतात. मुळाचा विचार केला तर अशा प्रसंगी तोच शब्द जास्त खरा.

तुमच्या ठेल्यावरच्या चार क्रियापदांत पाचवं राहिलं. आमच्याकडे असा नकोसा साहेब गेला की बाया म्हणतात, "गेली मारबत." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दारातले पळसाचे मेढे, म्हणजे फांद्या, उचलून पोरं शिवेपर्यंत ओरडत जातात, 'इडापिडा घेऊन जा गे मारबत!' नागपुरात त्याची मोठी मिरवणूक निघते, १८८०च्या दशकापासून. काळी मारबत, पिवळी मारबत असे मोठे पुतळे, आणि सोबत ज्याच्यावर राग असेल त्याचा पुतळा, तो बडग्या. पण बारकावा पाहा. मारबत ही पीडा नाही, ती पीडा घेऊन जाणारी आहे. साहेबाला मारबत म्हणणाऱ्या बाया त्याला शिव्या देतात की आपली पीडा त्याच्या डोक्यावर देऊन रवाना करतात, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पऱ्हाटीवाला, अकोल्याकडचा

व्याकरणाकडे या जरा. राजीनामा 'देणे' असेल तर कर्ता साहेब. 'घेणे' असेल तर कर्ता वरचा, आणि त्याचं नाव कोणीच घेत नाही. 'राजीनामा झाला' यात तर कर्ताच नाही. पाऊस झाला, तसा राजीनामा झाला. तुम्ही स्वतः पहिल्या ओळीत 'झाला' लिहिलंय, भाऊ. म्हणजे तुम्ही अर्धे-अर्धेच!

पेपरात आणखी एक गंमत असते, 'अखेर'. मंत्र्याचा राजीनामा 'अखेर' शिवाय क्वचित छापतात. २०२१मध्ये फेब्रुवारीत संजय राठोड आणि एप्रिलमध्ये अनिल देशमुख, असे विदर्भातल्या दोन मंत्र्यांचे राजीनामे पाठोपाठ आले. तेव्हा आमच्या वाचनालयात 'दिला की घेतला' यावर दोन म्हातारे महिनाभर बोलत नव्हते. त्याआधीच्या सरकारात तर शिवसेनेच्या मंत्र्यांचे 'खिशातले राजीनामे' गाजत होते. खिशातून ते निघाले नाहीत, पण भाषेला वाक्प्रचार देऊन गेले.

माणूस स्वतःहून गेला नाही असं सांगायचं असेल तर मराठीत शब्दांची ददात नाही. हकालपट्टी, उचलबांगडी, गच्छंती. यातली गच्छंती माझी लाडकी. संस्कृतात 'गच्छन्ति' म्हणजे 'ते जातात', साधं बहुवचनी क्रियापद. मराठीनं त्याला स्त्रीलिंगी नाम करून एकट्या माणसाच्या मागं लावलं. आणि 'नारळ दिला'. मानानं निरोप द्यायचा तर शालीसोबत श्रीफळ, हाकलायचं तर नुसता नारळ. फळ एकच, शालीनं फरक पडतो.

आमच्या गावात मागे अतिवृष्टीनंतर असाच एक साहेब गेला. नुकसानीची पाहणी अडकलेली. तेव्हा शेजारच्या काकानं म्हटलं होतं, "आमचा पंचनामा नाई झाला, त्याचा राजीनामा झाला. दोनी नामे सरकारजवळच."

निवृत्त अव्वल कारकून

मंडळी, कागद पाहिल्याशिवाय राजीनामा म्हणू नका. कचेरीत हे सगळे वेगवेगळे शब्द आहेत आणि त्यांच्यातल्या फरकावर माणसाचं म्हातारपण अवलंबून असतं.

राजीनामा दिला की मागची सेवा बुडते, पेन्शन नाही. म्हणून पंचवीस-तीस वर्षं झालेला अधिकारी सहसा राजीनामा देत नाही, स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज करतो. वीस वर्षं पुरी झाली असली की तीन महिन्यांची नोटीस देऊन जाता येतं आणि पेन्शनही शाबूत राहते. पेपर आणि पानठेला दोघेही त्याला राजीनामाच म्हणतात. शिवाय राजीनामा 'दिला' म्हणून संपत नाही. तो मंजूर व्हावा लागतो. आयएएसचा असेल तर केंद्राकडून. चौकशी सुरू असेल तर अडकतो. मंजूर होईस्तोवर माणूस खुर्चीतच.

निलंबन म्हणजे नोकरी जात नाही, नुसतं टांगून ठेवतात. बडतर्फ म्हणजे गेली. तो शब्दही फारसी, बर-तर्फ. एका बाजूला केलेला. आणि सेवामुक्त आणखी निराळं. २०२४मध्ये पुण्याहून वाशीमला पाठवलेल्या प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याचं प्रकरण आठवत असेल. तिथं जुलैअखेर लोकसेवा आयोगानं उमेदवारी रद्द केली आणि सप्टेंबरात केंद्रानं सेवामुक्त केलं. राजीनामा त्यात कुठेच नव्हता. तरी आमच्या शेजारी तेव्हा 'देल्ला का राजीनामा?' हेच विचारत होते. लोकांच्या लेखी साहेब जायला एकच दार आहे.

फाट्यावरचा

अव्वल कारकून साहेब, तुमची शंका खरी ठरली. काल तहसीलला गेलो होतो. तिथं कळलं की आमच्या साहेबांनी दिली ती स्वेच्छानिवृत्तीची नोटीस. तीन महिने ते इथंच आहेत. ज्यांनी त्या रात्री फाट्यावर फटाके फोडले, त्यांचे दोन टिप्पर परवा पुन्हा धरले. ठेल्यावर आता पाचवं-सहावं नाही, एकही क्रियापद ऐकू येत नाही. सगळे 'पाहू' म्हणतात.

पऱ्हाटीवाले भाऊ, 'झाला' तुम्ही बरोबर पकडलं. मान्य.

उपसरपंच होतो कधीकाळी

तुम्ही सगळे साहेबांचे राजीनामे घेऊन बसलात. गावात हा शब्द साहेबांमुळे कमी आणि ग्रामपंचायतीमुळे जास्त चालतो, आणि तिथं त्याचा जुना अर्थ जिवंत आहे.

सरपंच सदस्यांतून निवडायचे, थेट जनतेतून नाही, त्या काळातली गोष्ट. निवडणूक झाली, दोन गट सारखे. मग रात्री कोणाच्या तरी वावरातल्या बंड्यात बैठक बसते. ठरतं की अडीच वर्षं तुझा सरपंच, अडीच वर्षं माझा. पण भरवसा कसा ठेवायचा? म्हणून जो आधी बसणार, त्याच्याकडून त्याच रात्री राजीनामा लिहून घेतात. सही असते, तारीख नसते. तो कागद तिसऱ्याच शहाण्या माणसाजवळ. अडीच वर्षं झाली की तारीख टाकायची आणि पंचायत समितीच्या सभापतीकडे द्यायचा. कायद्यात अशा कागदाला किती जोर, ते सोडा. पण हा कागद काय आहे, सांगा. पद सोडण्याचा अर्ज, की दोन गटांची तडजोड? आमच्या गावात त्याला 'राजीनामा करून ठेवला' म्हणतात. 'देऊन ठेवला' नाही. त्यामुळे आबाजींनी 'कोनासंगं' विचारलं, यात मला नवल वाटलं नाही. आमच्याकडे तोच पहिला प्रश्न असतो.

जुने कागद

'राजीनामा करून ठेवला' हे टिपून घेतो. यात 'करणे' आलं, म्हणजे करार करणे, तह करणे यांच्या रांगेत तो बसला. अजून कोणत्या जिल्ह्यात ऐकलंय का?

झाडीपट्टीची मास्तरीण

गोंदियाकडं ऐकलंय, पण तिथं हिंदी इतकी मिसळलेली की त्यावरून मराठीचा निवाडा करू नये. आमच्या गावात अशा ठरावाला 'पाळी' म्हणतात. पाणी सोडायची पाळी असते, तशी सरपंचाची.

फाट्यावरचा

उपसरपंचांचं लिहिणं आबाजींना मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनदा, कारण पहिल्या वेळी मारुतीच्या देवळातला भोंगा सुरू होता. सगळं ऐकून म्हणाले, "हे त मले मालूम हाय. म्या बी एक करून ठेवला होता."

"मंग?"

"मंग काय. ज्याच्याजवळ ठेवला, त्याच्या घराले पुराचं पानी लागलं. पाच वर्षं पुरी केली म्या."