एत्रेताचे कडे: मोनेच्या वाटेने चालायचंय, वरून बघावं की खालून?

कोपरीची_जलरंगवाली: ऐरोली पुलाजवळ खाडीकाठी बसून जलरंग करते. सप्टेंबरअखेर फ्रान्सला जातेय, त्यात दोन दिवस नॉर्मंडीतल्या एत्रेताचे. मोने, कूर्बे यांनी रंगवलेले कडे चालत बघायचेत. सोबत आई आहे, चढ नको म्हणते. कसं करावं?

ऐरोलीकर: पॅरिसच्या सें-लाझारहून ट्रेनने ल हाव्र, पुढे बस. ल हाव्रमध्ये मुमा संग्रहालय चुकवू नका, बूदँ या चित्रकाराची चित्रं भरपूर आहेत.

नेरूळचा_चालणारा: ताई, वर जाच. गावातून जीआर २१ ही लाल-पांढऱ्या पट्ट्यांची पायवाट कड्यावर चढते. समुद्राकडे तोंड केलंत की डावीकडे आवाल कड्यातली कमान आणि एग्वी सुळका, उजवीकडे आमोंचा कडा. मानपोर्त ही सगळ्यात मोठी कमान आवालच्या पलीकडे आहे, गावातून दिसतच नाही. कडा खडूचा, ढासळतो. टोकाशी जाऊ नका.

पण मोनेची बरीच चित्रं खालची आहेत, पाण्याच्या पातळीवरून बघितलेली. १८८५ च्या नोव्हेंबरात मानपोर्तपाशी लाटेने त्यालाच झोडपलं, कॅनव्हास-रंग सगळं समुद्रात गेलं. तुम्हाला खाडीची भरती-ओहोटी कळते, पण तिथलं पाणी आपल्यापेक्षा खूप उंच चढतं, आणि सप्टेंबरअखेर उधाण मोठं. कड्याखाली जायच्या आधी भरतीचं वेळापत्रक आणि तिथल्या सूचना बघाच.

आणि माझं आग्रहाचं सांगणं: सगळी वाट पुरी करायच्या मागे लागू नका. लेखक मोपासाँने लिहून ठेवलंय, मोनेमागे मुलं पाच-सहा कॅनव्हास घेऊन चालायची, विषय एकच, वेळा वेगळ्या. उजेड बदलला की तो कॅनव्हास बदलायचा. तुम्हीही छोटे कागद घ्या, एक जागा धरा, सकाळ-दुपार-संध्याकाळ तिथेच बसा. खडू पांढरा म्हणून कागद कोरा सोडू नका, सावलीत तो जांभळा दिसतो, उन्हात पिवळसर.

कोपरीची_जलरंगवाली: मग आईचं काय?

नेरूळचा_चालणारा: किनाऱ्यालगत सपाट फरसबंदी आहे, तिथून आवाल आणि आमों दोन्ही दिसतात. वाळू नाही, गोटे आहेत, तेव्हा त्यांना खाली उतरवू नका. पाऊस आला तर खिडकीत बसून चित्र काढा. मोनेनेही हॉटेलच्या खिडकीतून किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या रंगवल्या. आणि आठवण म्हणून गोटा उचलू नका, मनाई आहे.