नाचामुळे मुले टोळ्यांपासून खरोखर दूर राहतात का?

वाटसरू :
लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागातील क्लाउनिंग आणि क्रम्पिंग या नृत्यप्रकारांविषयी वाचताना ‘नाचाने मुलांना टोळ्यांपासून वाचवले’ हे विधान वारंवार आढळते. नववीच्या वर्गापुढे हा विषय मांडायचा असल्याने विचारतो : मुलांना नेमके कशाने धरून ठेवले, नाचाच्या वेडाने की त्यातून मिळणाऱ्या पैशाने? व्हिडिओंच्या काळात त्या पैशाचे गणित बदलले आहे का?

मीनाक्षी_र :
त्या दोहोंची फारकत करता येणार नाही. ‘टॉमी द क्लाउन’ म्हणून ओळखला जाणारा थॉमस जॉन्सन अमली पदार्थांच्या प्रकरणात तुरुंगवास भोगून आलेला होता. १९९२ मध्ये, म्हणजे रॉडनी किंग या कृष्णवर्णीयाला मारहाण करणारे पोलीस खटल्यातून सुटल्यावर शहर पेटले त्याच वर्षी, तो वाढदिवसांना विदूषक बनून नाचू लागला आणि पुढे वस्तीतली मुले त्याच्या संचात आली. या कार्यक्रमांचे पैसे म्हणजे तमाशाच्या फडाला मिळते तशीच सुपारी. (याच शब्दाचा मुंबईतला दुसरा अर्थ सांगितला, तर तुमचा वर्ग लगेच कान टवकारेल.) लाल कपडे ब्लड्स टोळीचे आणि निळे क्रिप्स टोळीचे, असा हिशेब जिथे चालत असे, तिथे रंगवलेला चेहरा ‘मी या दोघांतला नव्हे’ एवढे तरी सांगत असे.

जुना_वाचक :
माझ्या मते पैसा नंतरचा. नाव, सोबती, वस्तीचा अभिमान आणि प्रतिस्पर्ध्याला सर्वांदेखत हरवण्याची संधी, हे सारे टोळीत मिळते आणि नाचातही. कॅलिफोर्नियातल्याच ओकलंड शहरातल्या नाचाचे नावच ‘टर्फ’ आहे, आणि इंग्रजीत टोळीच्या इलाख्यालाही तोच शब्द आहे. तिथल्या चौघांचा २००९ मधील व्हिडिओ वर्गात अवश्य दाखवा : रस्त्याचा कोपरा, पाऊस, आणि ओल्या डांबरावर बुटांच्या टोकांवर घसरत नाचणारी मुले. त्यांच्यातल्या एकाच्या, मोटार अपघातात गेलेल्या भावासाठी ते नाचत होते. यूट्यूबवरून तो जगभर पोहोचला.

हिशेबनीस :
पोहोचला हे खरे, पण पाहणाऱ्यांची संख्या म्हणजे मिळकत नव्हे. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्याने नृत्यरचनेला स्वामित्वहक्क दिला असला तरी सुट्या पदन्यासाला तो मिळत नाही, त्यामुळे दहा सेकंदांची लकब कोणीही उचलू शकतो. २०१९ मध्ये ‘रेनिगेड’ हा नाच बसवणारी अटलांटाजवळची मुलगी अवघी चौदा वर्षांची होती. तिचा नाच टिकटॉकवर इतरांनी गाजवला आणि तिला श्रेय मिळायला पुढचे वर्ष उजाडले. म्हणून व्हिडिओ ही जाहिरात समजावी. पैसा शिकवण्या, कार्यक्रम आणि स्वतःच्या नावाचे टी-शर्ट यांतून येतो, आणि त्यासाठी आगाऊ रक्कम ठरवणे, पावती देणे ही कामे कोणीतरी मुलांना शिकवावी लागतात.

वाटसरू :
आभारी आहे. टॉमीवरील माहितीपटात, त्याने भरवलेली स्पर्धा रंगात असतानाच त्याचे घर फोडले गेल्याचे दिसते. तो प्रसंग गाळण्याचा विचार होता. आता तासाची सुरुवात त्यानेच करीन.