धुराड्यात काळा चकचकीत थर जमलाय, ब्रशने हलतच नाही, काय करू?

पानगळ:
नमस्कार मंडळी, आमच्याकडे लाकडावर चालणारी लोखंडी शेगडी आहे, काचेचं दार असलेली, आणि तिचं धुराडं छतातून वर गेलंय (स्वयंपाकघरातल्या फिल्टरवाल्या चिमणीबद्दल विचारत नाहीये). थंडीभर रोज पेटवत होतो. आता बंद आहे, पण हवा जरा दमट झाली की खोलीत डांबरासारखा जळका वास सुटतो. काल पाइपचं खालचं झाकण काढून टॉर्च मारला तर आत काळा थर, काचेसारखा चकचकीत. ब्रश फिरवला, वरची भुकटी पडली, खालचं जसंच्या तसं, नखाने खरवडलं तरी निघेना. आम्ही रात्री मोठा ओंडका टाकून हवेची झडप जवळजवळ बंद करायचो, सकाळपर्यंत ऊब राहायची म्हणून. लाकूड ४-५ महिने शेडमध्ये पडलेलं होतं तेव्हा सुकं असणारच असं धरून चाललो. तर हा थर खरंच धोक्याचा आहे का, पुढच्या थंडीच्या तोंडावर बघितलं तर चालेल का, आणि जाड तार घालून घरच्या घरी काढता येईल का? घरात लहान मुलगी आहे म्हणून जीवाला घोर लागलाय.

जुना निखारा:
हो, धोक्याचा आहे, आणि तो काढून पाइप तपासून होईपर्यंत शेगडी पेटवू नका, अगदी एका संध्याकाळीसुद्धा नाही.

त्याला क्रिओसोट म्हणतात. लाकूड नीट जळलं नाही की धुरातून न जळलेले वायू, डांबर आणि वाफ वर जातात, आणि पाइप आतून साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली गेला की हे सगळं भिंतीला चिकटतं. आधी नुसती भुरभुरीत काजळी असते ती ब्रशने निघते, मग कडक खवले होतात, आणि तरी तसंच चालू ठेवलं की वितळून-गोठून तुमच्यासारखा चकचकीत मुलामा बसतो. तो स्वतःच जळण आहे. एखाद्या दिवशी मोठा जाळ केला आणि ठिणगी वर गेली की धुराडंच आतून पेटतं, १००० अंशांच्या वर तापमान जातं, आतला मातीचा पाइप तडकतो आणि आग छताच्या लाकडापर्यंत पोचू शकते. आवाज विमान डोक्यावरून गेल्यासारखा येतो म्हणतात, पण कधीकधी हळूहळू धुमसून विझते आणि घरच्यांना पत्ताही लागत नाही, हे मला जास्त भीतीचं वाटतं. कधी तसं झालंच तर हवा बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, अग्निशमन दलाला फोन करा, आत पाणी ओतू नका, तापलेला पाइप गार पाण्याने फुटतो.

तारेने घरी काढायच्या फंदात पडू नका. मुलामा निघायच्या आधी लायनरच, म्हणजे धुराड्याचं आतलं अस्तरच, फुटेल. धुराडी साफ करणाऱ्या जाणकार माणसाला बोलवा, त्यांच्याकडे यासाठी वेगळी अवजारं आणि थर ठिसूळ करणारी रसायनं असतात, शिवाय तडे गेलेत का तेही कॅमेरा घालून बघून घ्या. आणि थंडीची वाट बघू नका. काजळीत आम्ल असतं, दमट हवेत ती ओल धरते आणि धातू खात बसते, तुम्हाला येणारा वासही त्याचाच. म्हणून मी साफसफाई हंगाम संपल्या संपल्या करतो, सुरू व्हायच्या आधी फक्त एकदा नजर टाकतो.

मूळ कारण मात्र तुमचा तो रात्रीचा ओंडका. हवा बंद केली की लाकूड जळत नाही, नुसतं धुमसतं. त्यापेक्षा छोट्या ढलप्यांचा झडझडीत जाळ करून विझू द्यावा. पेटून स्थिरावल्यावर बाहेर जाऊन बघा, वरून धूर दिसलाच नाही पाहिजे. आणि ४-५ महिन्यांत लाकूड बहुतेक वेळा सुकत नाही हो, जड लाकडाला फोडून ठेवल्यावरही वर्ष दोन वर्षं लागतात. २० टक्क्यांच्या खाली ओल हवी, मॉइश्चर मीटर घ्या, पण ढलपी ताजी फोडून आतल्या बाजूला लावा.

ओसरी:
वरचं सगळं पटलं, मी राखेबद्दल सांगते कारण आमच्याकडे घडलंय. दोन दिवस शेगडी बंद होती, राख हाताला गार लागली म्हणून पत्र्याच्या बादलीत भरली आणि बादली मागच्या लाकडी ओट्यावर ठेवली. सकाळी बघते तर बादलीखाली फळी गोल जळून आरपार भोक पडलेलं, कडेला अजून लालसर धग होती. राखेच्या पोटात निखारे चार चार दिवस जिवंत राहतात. आता घट्ट झाकणाची बादली, तीही दगडावर, घरापासून लांब.

आणि पानगळ, मुलगी आहे म्हणताय तर कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म आजच लावा. त्याला रंग नाही वास नाही, आणि रक्तात तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. धुराडं तुंबलेलं आणि रात्रभर धुमसतं लाकूड म्हणजे तो तयार व्हायला आयतीच सोय. डोकं दुखणं, मळमळ, गळून गेल्यासारखं वाटणं, माणसाला वाटतं थकवा आहे. बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटत असेल तर लगेच ओळखा.

सुगरणीचा खोपा:
शेगडी बंद असताना पक्षी धुराड्यात घरटं करतात, वर जाळीचं टोपण आहे का बघा, आणि जाळीही काजळीने बुजते ती घासा. शेगडीच्या दाराच्या कडेला हवा अडवणारी दोरी असते, ती तपासायची तर दारात कागद धरून दार लावा आणि ओढा, सहज सुटून आला की तिथून हवा शिरतेय, दोरी बदला. दाराची काच सारखी काळी होत होती का तुमची? तीही धुमसत्या जाळाचीच खूण.

पानगळ:
हो, काच रोज काळी व्हायची, मी रोज पुसायचो आणि रोज वाटायचं काचच खराब आहे. धुराडी साफ करणाऱ्या माणसाला बोलवलं होतं, थर निघाला पण वरच्या वाकणाच्या जागी लायनरला चीर सापडली, तो भाग बदलेपर्यंत शेगडी बंदच. मीटरही आणला. ढलपी बाहेरून १७ दाखवत होती, फोडून आत लावला तर २९. सगळा ढीग तसाच आहे. ताडपत्रीने पूर्ण झाकून ठेवला होता.

जुना निखारा:
चीर आत्ता सापडली हे फार बरं झालं. ताडपत्री फक्त माथ्यावर ठेवा, बाजू उघड्या, खाली दोन वासे टाकून ढीग जमिनीपासून वर उचला, आणि मनगटापेक्षा जाड जे असेल ते याच आठवड्यात फोडून घ्या.