मदत हवी आहे: आईचा खांदा आखडलाय, फिजिओथेरपी पुन्हा सुरू करण्याआधी काय विचारून घेऊ?

नमस्कार. आई ५७ वर्षांची, कराडजवळच्या गावात राहते. मी पुण्यात. तिला १२ वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत.

चार महिन्यांपूर्वी उजवा खांदा दुखायला लागला. आधी रात्रीच ठणकायचा, त्या कुशीवर झोपता यायचं नाही. आता हात खांद्याच्या वर जातच नाही. वेणी घालता येत नाही, फळीवरचा डबा डाव्या हाताने काढते, एसटीत चढताना दांडा धरायचा म्हटलं की घाबरते. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाड ठीक आहे म्हणाले. फ्रोझन शोल्डर. फिजिओथेरपी करा, आणि फरक नाही पडला तर सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊ, असं सांगितलं.

पहिल्यांदा जिथे नेलं तिथे कुणी काहीच विचारलं नाही. दहा मिनिटं मशीन लावलं आणि मग एका मुलाने हात धरून एकदम वर नेला. आई किंचाळली. त्या रात्री ती झोपली नाही, पुढचे चार दिवस हात पोटाशी धरून बसून होती. दहा दिवसांचे पैसे आधीच भरून घेतले होते. मी तेव्हा बाहेर बाकावर बसले होते, आत जायला हवं होतं, हे माझ्या मनातून जात नाही.

आता फिजिओचं नाव काढलं की आई नको म्हणते. शेजारच्या काकू चोळून देणाऱ्या बाईकडे चला म्हणतात. मी दुसरीकडे वेळ घेतली आहे, पण या खेपेला आधी समजून घेऊन जायचंय. व्यायामात दुखणारच, तर किती दुखलेलं चालतं? सोबत काय न्यायचं? माणूस शिकलेला आहे हे कसं ओळखायचं? इंजेक्शनने साखर वाढते का?

नाशिकची फिजिओ

ताई, आधी आईंना हे सांगा की त्यांनी काही चुकीचं केलं नाही. मधुमेह असलेल्यांत हा आजार इतरांपेक्षा बराच जास्त दिसतो. सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन आक्रसतं. आधी दुखण्याचा काळ, मग आखडण्याचा, मग हळूहळू सैल होण्याचा. सगळं मिळून एक ते तीन वर्षं लागू शकतात. दुखण्याच्या काळात हात ओढून वर नेला तर फायदा होत नाही, दुखणं मात्र भडकतं. तुमच्या आईंचं बहुधा तेच झालं.

दुखण्याचं माप मी पेशंटना असं देते: व्यायाम करताना ताण जाणवेल, थोडं दुखेल, पण तासा-दोन तासांत ते आधीच्या पातळीवर यायला हवं. रात्रीची झोप गेली किंवा दुसऱ्या दिवशी हात जास्त धरला, तर व्यायाम जास्त झाला. हे पुढच्या वेळी सांगायचंच. आणि "थांबा" म्हटलं की हात तिथल्या तिथे थांबला पाहिजे, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

पहिल्या भेटीत निम्मा वेळ विचारपूस आणि मोजमापात जायला हवा. हात समोरून किती अंश उचलतो, बाजूने किती, कोपर अंगाला लावून बाहेर किती फिरतो. ही शेवटची हालचाल या आजारात सगळ्यात जास्त जाते. आकडे वहीत लिहून मागा, महिन्याने तुलना करता येते. "वेणी घालायचीय" हेही सांगा, त्यावरून व्यायाम ठरतात.

न्यायचं काय: एक्स-रे, गोळ्यांची यादी, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट. पेसमेकर असेल, रक्त पातळ करणारी गोळी असेल, तर न विचारता सांगा. तळहाताला, पायाला बधिरपणा असेल तर तेही, कारण शेक किती गरम आहे हे अशा पेशंटना कळत नाही आणि भाजतं. उपाशीपोटी नेऊ नका. खांदा उघडा करता येईल असा, पुढून उघडणारा ब्लाउज किंवा गाऊन असू द्या. बाई फिजिओ हवी असेल तर वेळ घेतानाच मागा. आणि तुम्ही आत बसा.

सोलापूरकर

मला दोन वर्षांपूर्वी हेच झालं होतं, मलाही डायबेटिस आहे. इंजेक्शन घेतलं. त्यानंतर काही दिवस साखर चढलेली होती, घरी रोज तपासत होतो, मग उतरली. पण रात्रीचं दुखणं कमी झालं म्हणूनच व्यायाम जमला. तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. बाकी खरं काम घरीच होतं: वाकून हात लोंबता सोडून हलके झोके, बोटांनी भिंत चढणं. भिंतीवर पेन्सिलीने रोज खूण करायचो. आठवडाभर खूण हलायची नाही, तेव्हा फार वाईट वाटायचं. मशीनच्या शेकाने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, हात वर जातो तो व्यायामाने.

मिरजेहून

पदवीचं विचारायला संकोच करू नका. बीपीटीएच ही फिजिओथेरपीची पदवी. आतापर्यंत तो साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम होता, त्यात सहा महिन्यांची इंटर्नशिप यायची. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची राज्य परिषदेकडे नोंदणी असते, तो क्रमांक मागा. रोजचे उपचार फिजिओ स्वतः करणार की मदतनीस, हेही विचारा. पैसे एकेका दिवसाचे द्या. चोळण्याने आवरण सैल होत नाही, आत्ता तिकडे नेऊ नका. आणि खांदादुखीसोबत कधी छातीत दडपण, घाम, धाप असं झालं तर फिजिओकडे नाही, थेट दवाखान्यात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. फोनवर आईला हे वाचून दाखवलं. "थांबा म्हटलं की थांबणार असतील तर येते," म्हणाली. शनिवारी जातोय, मी आत बसणार आहे. गोळ्यांची यादी झाली, साखरेचा रिपोर्ट उद्या मिळेल. एकच राहिलं: हात वर न्यायच्या व्यायामासाठी कुणी घरी दोरी-पुली वापरली आहे का? आमच्या जुन्या घराच्या दाराला वर कडी आहे, तिला बांधली तर चालेल, की आधी फिजिओंना विचारू?

नाशिकची फिजिओ

आधी त्यांना खांदा बघू दे. दुखणं अजून जोरात असेल तर पुली थोडी उशिरा सुरू करतात. कडीचा फोटो मात्र सोबत न्या.