मदत हवी आहे: परकराला इलास्टिक लावलं की दोरा तुटतोय

मोगरी_लातूर
तीनदा उसवून झालं. लेकीच्या परकराला इलास्टिक शिवलंय, दिसायला छान दिसतं, घालायला गेलं की तटातटा दोरा तुटतो. येळवस परवावर आलीय आणि ही रोज विचारू लागलीय. व्हिडिओ बघून झाले, तिथं सगळ्यांचं एका झटक्यात होतंय. लवकर सांगा कुणीतरी.

टीप_मारते
मशीन कोणती? कापड कोणतं? इलास्टिक किती रुंद? थेट शिवलंय की नेफ्यात घातलंय? निम्मं पोटातच ठेवलंय ताई.

झिगझॅगवाला
सरळ टीप ताणली की तुटणारच. झिगझॅग मारा, विषय संपला.

मोगरी_लातूर
मशीन सासूबाईंची, पायाची, काळी. झिगझॅग कुठनं आणू? कापड जुन्या इरकलीचं. इलास्टिक एक इंची, थेट शिवलंय.

झिगझॅगवाला
मग झिगझॅगची मशीन घ्या. मोटारची मिळते. मी घेतल्यापासून पायाच्या मशीनकडं बघितलंसुद्धा नाही.

टीप_मारते
दादा, एका परकरासाठी मशीन?

परभणीकर_मावशी
मी तर म्हणते नाडी घाला. इलास्टिक वर्षा-दीड वर्षात ढिलं पडतं, उन्हात वाळवलं तर आणखी लवकर. आमच्या तिन्ही पोरी नाडीवर वाढल्या.

दोन_पोरांची_आई
मावशी, शाळेत नाडीची निरगाठ बसली की पोरगी रडत बाईंकडं जाते. स्वानुभव आहे.

सातारा_परिसर
येळवस म्हणजे काय? मी संभाजीनगरचा, कधी ऐकलं नाही.

परभणीकर_मावशी
मार्गशीर्षातली अमावस्या. लातूर-धाराशिवकडं रानात कोपी करून पांडव पुजतात, भज्जी-आंबील असते. तिथं परकर कशाला पण? आंबील सांडली की झालं.

कोपीतला
जुन्या इरकलीवर आंबील सांडली तर सांडली. भज्जीत चिंच मात्र विसरू नका, हल्ली लोक टोमॅटो घालू लागलेत.

तेलपाणी
मशीनच्या शटलला तेल घातलंय का? तेल नसलं तरी दोरा तुटतो.

टीप_मारते
तेलपाणी, दोरा शिवताना तुटत नाहीये, घालताना तुटतोय! ताई, मला मापं सांगा. कंबर किती, घेर किती, इलास्टिक किती लांब कापलं?

मोगरी_लातूर
सात वर्षांची आहे. कंबर २१. घेर अडीच मीटर. धावदोरा घालून चुण्या ओढल्या, वरची बाजू २१ इंच केली आणि त्यावर २१ इंच इलास्टिक शिवलं. बरोबर मोजून.

टीप_मारते
सापडलं! कापडच २१ इंचाचं झालंय, मग इलास्टिक ताणणार कुठं? सीट, म्हणजे ढुंगणाचा घेर, २३-२४ असेल, परकर तिथनं वर चढताना सगळा जोर टीपेवर येतो. झिगझॅग मारलं असतं तरी चुण्यांची टीप तुटलीच असती.
चुण्या सोडा, वरची बाजू २८ इंच होईल एवढ्याच ओढा. साडेतीन इंच रुंद पट्टी घ्या, लांबी २८ अधिक शिलाई. ती दुमडून जोडली की सव्वा इंचाचा नेफा होतो. दोन इंच तोंड उघडं ठेवा. इलास्टिक एक इंच कापून टाका, पिनेला लावून आत सरकवा, टोकं एक इंच एकमेकांवर चढवून चौकोनी टीप मारा. १९ राहील, बास. तोंड बंद करायच्या आधी आत पीळ बसला नाही ना बघा. मग दोन्ही कुशींना नेफ्यावर उभी टीप मारा, म्हणजे इलास्टिक फिरत नाही. सगळी साधी सरळ टीप, पायाच्या मशीनवर होतंय.

झिगझॅगवाला
थेट शिवलेलं जास्त फिनिश दिसतं.

टीप_मारते
इरकलीच्या एवढ्या चुण्यांवर? सुई मोडेल.

मोगरी_लातूर
झालं एकदाचं! रात्री साडेअकराला. पीळ बसलाच होता, परत काढला. चढतोय, उतरतोय, दोरा शाबूत. फक्त पट्टीमुळं दीड-दोन बोटं लांब झालाय. आता कापत नाही, खालून दुमडून घेते, पुढच्या वर्षी सोडता येईल. आणि लेक म्हणते, पुढं नाडीचे गोंडे पाहिजेत.

परभणीकर_मावशी
लावा मग नुसते गोंडे. पोरीला अक्कल आहे.