'नॉर्मल' म्हणजे सरासरी की बरोबर?

गोदाकाठ : हा शब्द मराठीतून हद्दपार करावा असं माझं मत. मूळ लॅटिन 'नॉर्मा', म्हणजे आपल्या गवंड्या-सुतारांचा काटकोन तपासायचा गुण्या. इंग्रजीत आधीचा अर्थ काटकोनातलं; भूमितीत नॉर्मल म्हणजे लंब, ते अजून तसंच आहे. 'नेहमीसारखं' हा अर्थ रुळला एकोणिसाव्या शतकात. थोडक्यात, 'असंच असायला हवं' हे शब्दाच्या पोटातच आहे. सिझेरियन झालेल्या बाईला 'नॉर्मल नाही का झाली?' विचारतात, तेव्हा तिला गुण्याच लावतात.

सिन्नरकर : नातेवाइकांना लॅटिन कुठे येतंय हो! मूळच धरायचं तर 'नाइस'ही सोडा, तो 'नेस्किउस' म्हणजे अडाणी यावरून आलाय. हवामान खात्याचं नॉर्मल निव्वळ सरासरी, तापमानाला सध्या १९९१ ते २०२० ची. निफाडला पारा नॉर्मलखाली गेला म्हटलं की बागायतदार समजायचं ते समजतो आणि पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतो.

गोदाकाठ : पावसाचं बोला ना. सरासरीच्या १९ टक्के वर-खाली असला तरी जिल्हा 'नॉर्मल'. इगतपुरीला धो धो, येवल्याला टँकर, आणि कागदावर सगळं आलबेल!

वॉर्डातली ताई : लॅबची 'नॉर्मल रेंज' तर तिसरीच. बहुतेक चाचण्यांत निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे धरतात. म्हणजे धडधाकट वीस जणांत एखादा रेंजबाहेर जाणारच, आणि तोच रात्रभर जागतो. ९८.६ फॅरनहाइट हा आकडा वुंडरलिश या जर्मन डॉक्टरांच्या १८६८ च्या ग्रंथातून रूढ झाला. आताची सरासरी त्याहून कमी येते. तरी '९७.४ आलंय, अंग थंड पडलं का?' म्हणून लोक घाबरतात. शब्द राहू द्या. डिलिव्हरीपुरतं मात्र गोदाकाठ यांचं पटतं. 'योनीमार्गे' म्हणावं.

सिन्नरकर : सासूबाईंसमोर म्हणून बघा एकदा.

वॉर्डातली ताई : मग 'नैसर्गिक'?

गोदाकाठ : म्हणजे सिझेरियन अनैसर्गिक? पुन्हा तेच झालं. आमच्याकडे जुन्या बायका 'साधी' म्हणतात, ते बरं.

वॉर्डातली ताई : साधी? रात्रभर कळा सोसलेल्या बाईला विचारून या.